जुनं न्हाणीघर, बजेट पंचवीस हजार, बरंचसं काम स्वतः करणार. हौद फोडू की ठेवू?

साखरपेठकर (२८ मार्च)

नमस्कार मंडळी. घर सोलापूरच्या साखर पेठेतलं, वडिलांनी १९८३ साली बांधलेलं. खाली दोन खोल्या, वर दोन, स्लॅब आहे, माळवद नाही. न्हाणीघर तळमजल्यावर, सात फूट बाय साडेचार फूट. संडास वेगळा आहे, त्याला हात लावायचा नाही.

सध्याची अवस्था सांगतो. खाली शहाबादी, तिच्या सांध्यातलं सिमेंट कधीच निघून गेलंय. भिंतीला चार फुटांपर्यंत पांढऱ्या सहा इंची टाइल्स, बोअरच्या पाण्याने त्यांवर क्षारांचा थर बसलाय. भिंतीतले जीआय (लोखंडी) पाइप आतून गंजलेत, नळ पूर्ण सोडला तरी करंगळीएवढी धार. दार खालून कुजलंय. आणि कोपऱ्यात हौद, तीन बाय अडीच, तीन फूट उंच. हिशेब केला तर सहाशे तीस लिटर बसतं त्यात.

एका ठेकेदाराने बघून अठ्ठ्याहत्तर हजार सांगितले. माझ्याकडे पंचवीस आहेत. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, गवंडीकाम येत नाही, पण घरातली डागडुजी स्वतः करतो. आई पंचाहत्तरची आहे, तिचा पाय घसरू नये एवढी एकच अट, म्हणून शहाबादी काढून खाली अँटीस्किड टाइल घालणार.

मुख्य प्रश्न हौदाचा. तो काढला तर मोकळं होईल. पण आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी, तेही प्रेशर नसलेलं. नळाचं पाणी आपोआप उतरेल अशी घरात तेवढी एकच जागा. तिथून मोटरने वरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवतो. काय करू?

शेंगाचटणी

काय करलालाव बे, एप्रिलच्या तोंडावर बांधकाम! बेचाळीस डिग्रीत तू टाइल नाही, स्वतःला भाजून घेशील. दिवाळीनंतर कर की.

साखरपेठकर

सुट्टी आत्ताच आहे ओ. आणि आई मागच्या आठवड्यात घसरता घसरता राहिली.

जुळेसोलापूरची

हौद फोडा. आमच्या माहेरी तसाच होता. दर उन्हाळ्यात आत उतरून घासायचा, तरी तळाशी गाळ. शिवाय उघडं साठलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रणच. झाकणाची प्लास्टिक टाकी बाहेर ठेवा.

पुण्यात_पण_सोलापूरचा

मी उलट सांगेन. ठेवा, आतून टाइल लावून घ्या. पुण्यात राहून टँकरची पाळी आली तेव्हा हौदाची किंमत कळली. जागाच हवी असेल तर पाचशे लिटरची टाकी न्हाणीघरावरच्या माळ्यावर टाका.

ओळंबा

थांबा. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो, वर टाकीचं वजन वेगळं. जुन्या घरातले माळे ट्रंका आणि पितळी भांडी ठेवायला केलेले असतात, बहुतेक अडीच-तीन इंचांचे. तिथे अर्धा टन चढवू नका. चाळीस वर्षं साइटवर काढली आहेत, हे एवढं ऐकाच.

साखरपेठकर, आधी हौद गळतो का ते बघा. पाणी भरा, नळ बंद करा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि सकाळी बघा. झाकण ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात हवेनेच थोडं कमी होईल आणि तुम्ही घाबराल.

साखरपेठकर (३० मार्च)

काका, रात्रीतून दीड इंच गेलं. झाकण ठेवूनही.

ओळंबा

मग प्रश्न संपला. दीड इंच म्हणजे तुमच्या मापाच्या हौदात पंचवीस लिटरच्या वर. ते घराच्या पायात मुरतंय. फोडा. परसात जागा असेल तर जमिनीवर विटांचा ओटा करून टाकी ठेवा, जमिनीला वजनाचं काही नाही.

कडक_भाकरी

पाणी यायच्या आदल्या दिवशी फोडू नका म्हणजे झालं. आमच्या गल्लीत एकाने तसं केलं, मग अख्ख्या गल्लीकडे घागरी मागत फिरला. पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सुरुवात करा. बाहेरची टाकी आधी, फोडाफोडी नंतर.

वायसर

मी प्लंबर आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. तोडफोड करा, रंग करा, टाइल स्वतः लावायचं धाडस करायचं तर करा. पण नहाणी ट्रॅप आणि बाहेरच्या गटारापर्यंतची लाइन माणसाकडून करून घ्या, एका दिवसाचं काम आहे. त्या वेळच्या घरांत बऱ्याचदा ट्रॅपच नसतो. फरशीला भोक आणि थेट पाइप. म्हणून वास येतो, झुरळं येतात. ट्रॅपमध्ये पन्नास मिलिमीटर पाणी कायम थांबलं पाहिजे, तेच वास अडवतं.

पाइप भिंतीत गाडायचे की वरून न्यायचे ते ठरलं का?

साखरपेठकर

भिंत कापायला पैसे नाहीत आणि हिंमतही नाही. सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप उघडाच नेतो, क्लॅम्प मारून. दिसतो, पण गळला तर गळतानाही दिसेल.

वायसर

बरोबर. जुना जीआय तसाच भिंतीत राहू द्या, फक्त दोन्ही टोकांना प्लग मारा. आणि नळ बसेल तिथे ब्रासचा एल्बो घ्या. प्लास्टिकच्या आट्यात पितळी नळ जोर लावून पिळला की तडा जातो, तोही आत, मग महिनाभर कळत नाही. सोल्युशन लावल्यावर जोड अर्धा मिनिट दाबून धरा, तो सरकून बाहेर येतो. लगेच पाणी सोडू नका, एक रात्र जाऊ द्या.

शॉवर घेणार का?

साखरपेठकर

बायकोला हवा होता. मी म्हटलं, चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात शॉवर कशाला! बादली आणि तांब्या. तिने एक दिवस अबोला धरला, मग पटलं.

ओळंबा

पटलं ते बरं झालं, कारण तसाही तो नीट चालला नसता. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. तुमची टाकी शॉवरच्या वर फार तर चार-पाच मीटर, म्हणजे अर्ध्या बारच्या आत. ते मोठ्या थाळीचे शॉवर त्यावर नुसते ठिबकतात. आणि शॉवर नाही म्हणजे डाडो, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागातल्या टाइल्स, सात फूट नेण्याचंही कारण नाही. बसून आंघोळ करणाऱ्याला चार फूट पुरतो. जवळपास निम्म्या टाइल्स वाचल्या.

साखरपेठकर

काका, हे सुचलंच नव्हतं. मग जुन्या टाइल्सवरच नवीन चिकटवता येतील का? तोडायचं वाचेल.

ओळंबा

येतील, पण अटी आहेत. प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा. भद्द आवाज आला की ती आतून सुटलेली आहे, ती काढा आणि खड्डा भरून घ्या. उरलेल्यांवरचे क्षार आणि साबणाची मेणी पूर्ण गेली पाहिजे. मग ग्राइंडरने वरची चकाकी खरवडा, काचेसारख्या पृष्ठभागावर काही धरत नाही. साधं सिमेंट चालणार नाही, टाइलवर टाइल चालते असं पोत्यावर लिहिलेलं पॉलिमरचं अडेसिव्ह घ्या. नवीन टाइल भिजवू नका. सिमेंटच्या मालात आम्ही सिरॅमिक टाइल भिजवूनच लावायचो, अडेसिव्हला ती कोरडी लागते. जुने गवंडी इथे हमखास चुकतात, मीही एकदा चुकलो.

आणि हौद जिथे भिंतीला टेकला होता तिथे मागे टाइल नसेल. तेवढा गिलावा जुन्या टाइलच्या तोंडाशी मिळवून घ्या, नाहीतर नवीन भिंतीला पायरी दिसेल.

जुळेसोलापूरची

क्षार काढताना एक काळजी घ्या. दुकानातलं ॲसिड वापरलंत तर त्याच दिवशी ब्लीचिंग पावडर त्या खोलीत नेऊ नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू होतो. माझ्या नणंदेला त्याने दवाखान्यात न्यावं लागलं होतं. दार-खिडकी उघडी, हातात मोजे. नळांना ॲसिड लावूच नका, चकाकी उडते. त्यांना लिंबूसत्वाचं पाणी पुरतं.

शेंगाचटणी

आणि शहाबादी काढून टाकणार? आपल्या आजोबांची मान खाली घालायला लावणार. सोलापूर–वाडी मार्गावरचं शहाबाद तीन तासांवर, दगड दारात येतो, आणि आपण गुजरातेतली मोरबीची टाइल विकत आणायची.

कडक_भाकरी

दगड चांगलाच असतो रे, पण पॉलिश केलेली शहाबादी ओली झाली की साबणासारखी होते. खरबरीत ठेवली तर म्हातारं माणूस टिकतं, पण तिच्यात घाण बसते. आई पंचाहत्तरच्या आहेत, तो अँटीस्किड टाइल घेतोय ते योग्यच आहे. शहाबादी काढून ओट्याला वापर म्हणावं, फुकट जात नाही.

साखरपेठकर (६ एप्रिल)

पहिली बातमी. हौद फोडला. दीड दिवस लागला, मी आणि मेहुणा. विटांचा होता, आत दोन थरांचा गिलावा. राडारोडा घमेल्याने बाहेर, मग ट्रॅक्टरवाल्याला नऊशे रुपये.

शहाबादी उचलली तर खाली कोबा नाहीच. नुसती वाळू, ती काळी पडलेली, आणि वायसर भाऊंनी सांगितलं तसं थेट भोक. ट्रॅप नाही. चाळीस वर्षं आम्ही वासाला धूप लावत होतो.

सहा शहाबादी अख्ख्या निघाल्या. परसातल्या विटांच्या ओट्यावर त्याच टाकल्या, वर पाचशे लिटरची टाकी. तिचे पैसे आधीच गेले होते, या हिशेबात धरत नाही.

वायसर

ट्रॅप बसवताना त्याचं तोंड तयार फरशीच्या पातळीच्या किंचित खाली ठेवा. वर राहिला की पाणी कधीच निघत नाही.

साखरपेठकर (११ एप्रिल)

आता लाजेची गोष्ट. ट्रॅप प्लंबरने बसवला, ते ठीक होतं. पण कोबा मी घातला. लेव्हल पाइपने खुणा केल्या, दोरी बांधली, सगळं पुस्तकी. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं तर ते ट्रॅपकडे न जाता सरळ दाराकडे निघालं. उंबऱ्यापाशी तळं.

गंमत अशी, की मी खुणा दारापासून सुरू केल्या आणि ट्रॅपकडे जाता जाता मालच संपत आला, म्हणून तिथे "थोडं ॲडजस्ट" केलं. दोन दिवस वाया. शेवटी गवंडी बोलावला, दोन दिवस, बावीसशे रुपये. बजेट हलायला सुरुवात झाली ती इथून.

ओळंबा

खुणा नेहमी ट्रॅपपासून सुरू करायच्या, बाहेरच्या दिशेने. ट्रॅप सर्वांत खाली, तिथून ऐंशीला एक चढ. लांबच्या कोपऱ्यापर्यंत सहा फूट असेल तर जवळपास तेवीस मिलिमीटर चढतं. उंबऱ्याशी बाहेरच्या खोलीपेक्षा एक इंच खाली राहिलं पाहिजे. गवंड्याने ते केलं का बघा. आणि टाइल लावायच्या आधी ओतलंत, हे फार नशीब.

शेंगाचटणी

लेका, गवंड्याला आधीच बोलावला असतास तर एक दिवसात झालं असतं.

साखरपेठकर

हो ना.

फ्यूज

गीझर आहे का तुमच्याकडे? त्याच्या वायरिंगचं कुणी विचारलंच नाही.

साखरपेठकर

तीन लिटरचा इन्स्टंट आहे, तीन किलोवॅट. सहा अँपियरच्या सॉकेटला लावलेला, प्लग थोडा तपकिरी झालाय.

फ्यूज

तपकिरी झालाय? आज रात्रीपासून तो वापरू नका. तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपियर. सहाच्या सॉकेटवर आणि बारीक वायरवर इतकी वर्षं चालला हेच नवल. मेन बोर्डापासून वेगळी चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर, सोळा अँपियरचं सॉकेट, तेही पाणी उडणार नाही अशा उंचीवर. आणि तीस मिलिअँपियरची आरसीसीबी. गीझरमधून करंट उतरला तर ती क्षणात बंद होते, साधा एमसीबी त्यासाठी नसतो. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरात तिसरी पिन नुसती शोभेला असते. टाइल्स एका वर्षाने बदलल्या तरी चालतील, हे काम आत्ता.

साखरपेठकर

माहितीतला इलेक्ट्रिशियन आणतो. हे मी स्वतः करणार नाही.

साखरपेठकर (१८ एप्रिल)

वॉटरप्रूफिंग केलं. दोन डब्यांचं मिश्रण, ब्रशने एक हात आडवा, सुकल्यावर दुसरा उभा. कोपऱ्यांत भिंत आणि कोबा मिळतात तिथे काकांच्या सांगण्यावरून मालाची गोळाई केली होती, तिथे ब्रश छान फिरला. भिंतीवरही फूटभर वर नेलं. मग ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा घालून एक इंच पाणी साठवलं, अठ्ठेचाळीस तास. आता कोण ओरडणार मला माहीत आहे.

कडक_भाकरी

मीच ओरडणार. एप्रिलात पाणी साठवून ठेवलंय!

साखरपेठकर

मोजून ठेवलंय. साडेएकतीस चौरस फुटांवर एक इंच म्हणजे चौऱ्याहत्तर लिटर, चार बादल्या. पातळी हलली नाही. दोन दिवसांनी तेच पाणी उपसून परसातल्या ओट्याच्या गिलाव्यावर मारलं. एक थेंब वाया नाही.

पुण्यात_पण_सोलापूरचा

याला म्हणतात सोलापूरचा माणूस.

साखरपेठकर (२३ एप्रिल)

टाइल्स. भिंतीला बारा बाय अठरा, आडव्या लावल्या, म्हणजे बारा इंचांच्या चार रांगांत बरोबर चार फूट, वर कापाकापी नाही. दुकानातल्या शिल्लक लॉटमधून दहा बॉक्स घेतले, सहा टाइल्सचा एक, दोनशे साठ रुपये बॉक्स. सगळ्यांवर एकच बॅच नंबर आहे का ते बसून तपासलं. दोन बॉक्स वेगळ्या शेडचे निघाले, बदलून घेतले. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

शेंगाचटणी उन्हाबद्दल म्हणाला ते खरं ठरलं. पहिल्या दिवशी सकाळी अकराला सुरुवात केली. खाचांच्या थापीने भिंतीवर अडेसिव्ह ओढायचं, टाइल घ्यायची, तेवढ्यात वर साय धरायची. हात लावला तर बोटाला चिकटत नाही. तरी मी दामटून सात टाइल्स लावल्या. संध्याकाळी शंका आली म्हणून एक पत्र्याने उचकटली, अख्खी हातात आली, मागे जवळजवळ काहीच लागलेलं नाही. सातही काढल्या, खरवडल्या.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाच ते नऊ. एका वेळी तीन टाइल्सपुरतंच अडेसिव्ह, भिंतीवर आणि टाइलच्या पाठीवर दोन्हीकडे. चार सकाळी लागल्या. शेजारचे काका रोज चहा घेऊन बघायला यायचे आणि एक टाइल वाकडी आहे असं सांगून जायचे. ती वाकडी आहेच. दाराच्या मागे आहे.

कापताना मास्क आणि गॉगल घाला, कुणी करणार असेल तर. ती धूळ पहिल्या दिवशी मी फडक्याने भागवली, रात्रभर खोकलो.

ओळंबा

शाब्बास. उचकटून बघितलीत ते निम्मे कारागीरही करत नाहीत. सांध्यांत ग्राउट दुसऱ्या दिवशी भरा, घाई नको.

साखरपेठकर (५ मे)

झालं. हिशेब लिहिणं पोटाचा धंदा आहे, म्हणून पूर्ण देतो. टाइल्स आणि अडेसिव्ह ५,९२०. सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंग ४,२९०. पाइप, नळ, ट्रॅप ५,५३०. प्लंबर आणि गवंडी ३,४००. वीज ४,३००, आरसीसीबी धरून. पीव्हीसी दार, एक्झॉस्ट पंखा, डाडोच्या वरचा रंग ४,९००. ग्राइंडरचं भाडं, ब्लेड, राडारोडा वगैरे १,९६०. एकूण ३०,३००. पंचवीसचं बजेट त्रेपन्नशेने गेलं. एकूणातले बावीसशे माझ्या कोब्याचे आणि त्रेचाळीसशे त्या तपकिरी प्लगचे. वीज मी मूळ हिशेबात धरलीच नव्हती.

जुळेसोलापूरची

अभिनंदन! आई काय म्हणाल्या?

साखरपेठकर

पहिल्या दिवशी आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. म्हणाल्या, माझा धुण्याचा दगड कुठाय. तो काळा दगड मी राडारोड्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये टाकला नव्हता, देवाची कृपा. परसात होता. आता नव्या फरशीवर नळाखाली, खाली रबराचे तुकडे घालून बसवलाय. टाइल्स दिसतात तिथे कुणाचं लक्ष जात नाही, येणारा प्रत्येकजण आधी तो दगडच बघतो.

जुळेसोलापूरची

एक विचारू? टाइल्स उरल्या असतील तर तीन-चार मला द्याल का? कुंड्यांखाली हव्यात, तो रंग आवडला.

साखरपेठकर

तीन अख्ख्या आणि एक अर्धी उरलीय, ताई. बॅच नंबर लिहून माळ्यावर ठेवल्यात. उद्या एखादी फुटली तर हा लॉट पुन्हा मिळणार नाही. अर्धी हवी असेल तर न्या.